मोकळ्या काठाचा खटाटोप

याम्पा आणि मीकर ही कोलोरॅडो राज्याच्या वायव्य भागातली दोन लहान गावं. त्यांना जोडणारा ८२ मैलांचा रस्ता कुठे डांबरी, कुठे नुसता खडीचा. रिपल क्रीक खिंडीत तो दहा हजार फुटांच्या वर चढतो. तिथून पश्चिमेला उतरताना एक फाटा फुटतो, आणि त्या फाट्याने धूळ खात शेवटपर्यंत गेलं की ट्रॅपर्स लेक लागतं. फोनची रेंज त्याच्या बरीच आधी गेलेली असते.

तळं साधारण तीनशे एकरांचं, समुद्रसपाटीपासून साडेनऊ हजार फुटांहून उंचावर. व्हाइट नदीचा उत्तर फाटा इथूनच निघतो. पाण्याच्या मागे ‘ॲम्फिथिएटर’ नावाचा प्रचंड कडा उभा आहे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो: थरावर थर रचलेला काळा कातळ आणि वर इस्त्री केल्यासारखा सपाट माथा. ही ओळख नुसत्या डोळ्यांची नाही. फ्लॅट टॉप्स या नावाची ही पठारं सह्याद्रीसारखीच लाव्हाच्या थरांनी बनलेली आहेत, बेसॉल्टचीच; फक्त वयाने सह्याद्रीपेक्षा बरीच धाकटी.

काठावर घर नाही, हॉटेल नाही, तळ्याला वळसा घालणारी सडकही नाही. मोटारबोटीला मनाई; होडी हवी तर वल्ही मारायची. ‘कटथ्रोट’ जातीच्या ट्राउट माशासाठी गळ टाकता येतो, पण गळाला जिवंत आमिष लावता येत नाही, बनावट माशीवर किंवा बनावट आमिषावरच भागवावं लागतं. मुक्काम करायचा तर जवळच्या स्प्रूसच्या झाडीत अमेरिकी वनसेवेची लहान लहान कॅम्पग्राउंड आहेत. एकेकात तंबूच्या जेमतेम दहा-पंधरा जागा.

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इतक्या आडबाजूला कोण काय बांधणार, म्हणून काठ असा उरला. प्रत्यक्षात इथे रस्त्याचा आणि शेकडो बंगल्यांचा बेत होता. तो आखायला माणूसही पाठवला होता.

पाकीट, नळकांडं आणि चौदा दिवस

अमेरिकेत ‘नॅशनल पार्क’ आणि ‘नॅशनल फॉरेस्ट’ ही दोन वेगळी घराणी आहेत. यलोस्टोन, योसेमिटी ही पार्कं गृहखात्याकडे. अर्थात तिथलं गृहखातं पोलिसांचं नसून जमिनींचं आणि खनिजांचं. राष्ट्रीय जंगलं मात्र शेतीखात्याच्या वनसेवेकडे. पार्कात निसर्ग जसा आहे तसा जपायचा. जंगलात लाकूडही तोडायचं, गुरंमेंढ्याही चारायच्या, शिकारही करू द्यायची, पाणलोटही सांभाळायचा आणि लोकांना तंबूही ठोकू द्यायचे. ही पाचपेडी जबाबदारी १९६० च्या एका कायद्याने नीट लिहून ठेवली आहे. अशी १५४ राष्ट्रीय जंगलं आहेत. त्यांची आणि जोडीच्या गवताळ प्रदेशांची मिळून जमीन सुमारे १९ कोटी ३० लाख एकर भरते, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पट.

ट्रॅपर्स लेक ज्या व्हाइट रिव्हर जंगलात येतं, त्याच जंगलाच्या जमिनीवर व्हेल आणि ॲस्पेन ही जगभर नाव असलेली स्कीइंगची ठिकाणं आहेत. देशातल्या राष्ट्रीय जंगलांत सर्वांत जास्त माणसं इथे येतात. एकीकडे हजारो डॉलर उधळणारी गर्दी, आणि त्याच सरकारी सातबाऱ्यावर दुसरीकडे हे विजेचा खांबही नसलेलं तळं.

लहान कॅम्पग्राउंडवर जागा मिळवण्याची जुनी रीत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. तोंडाशी एक फळा, त्यावर नियम, शेजारी पाकिटांचं खोकं. आधी गाडीने एक फेरी मारून रिकामी जागा हेरायची. पाकिटावर जागेचा क्रमांक, गाडीचा नंबर आणि रात्रींची संख्या लिहायची, आत पैसे घालायचे आणि ते जमिनीत पुरलेल्या जाड लोखंडी नळकांड्याच्या फटीत सोडायचं. फाडलेली चिठ्ठी आपल्या जागेच्या खांबाला खोचली की तो चौकोन आपला. या नळकांड्याला वनसेवेतली मंडळी ‘आयर्न रेंजर’ म्हणतात: पगार नाही, रजा नाही, उन्हापावसात चोवीस तास कामावर. गर्दीच्या ठिकाणी मात्र आता सरकारी संकेतस्थळावर सहा-सहा महिने आधी जागा पकडावी लागते.

पैशांच्या बदल्यात मिळतं ते मोजकं. जमिनीत पक्कं केलेलं लाकडी टेबल, लोखंडी कड्यातली शेकोटी, गाडी लावायची पट्टी आणि तंबूपुरती सपाट जागा. रात्री दहानंतर आवाज बंद. एका ठिकाणी मुक्काम सहसा चौदा दिवसांपर्यंतच. त्या चौदा दिवसांच्या नियमामागचा हेतू सरळ आहे: सार्वजनिक जमिनीवर कुणी बस्तान मांडू नये.

कित्येक कॅम्पग्राउंडवर एक ‘होस्ट’ असतो. बहुतेकदा ही निवृत्त जोडपी असतात. उन्हाळाभर आपल्या चाकावरच्या घरात तिथेच राहतात, कागद-कचरा पाहतात, भांडणं मिटवतात, जळतं लाकूड सोडून गेलेल्यांच्या शेकोटीवर पाणी ओततात. बदल्यात जागा फुकट, क्वचित थोडा भत्ता. मराठी घरांना उपयोगी पडणारा एक नियम असा, की ६२ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला ‘सीनियर पास’ मिळतो आणि वनसेवेच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर भाडं निम्मं होतं. मुलाकडे कायमचे राहायला आलेल्या आजी-आजोबांच्या नावावर जागा घेण्याची टूम त्यामुळे अनेक घरांत रूढ आहे.

बंगले आखायला गेलेला माणूस

१८९१ साली अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना जंगलं राखीव करण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेंजामिन हॅरिसन यांनी व्हाइट नदीचं पठार राखीव केलं. देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी ते एक. पण ते ‘मोकळं’ होतं ते दहा वर्षांपूर्वी मोकळं करवून घेतल्यामुळे. यूट जमातीचे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात याच पठारांवर शिकारीला येत. १८७९ मध्ये सरकारी एजंट नेथन मीकर याने त्यांना शेतकरी बनवण्याचा हट्ट धरला, त्यांच्या घोड्यांच्या शर्यतीचं मैदान नांगरायला घेतलं. त्यातून पेटलेल्या संघर्षात मीकर मारला गेला आणि १८८१ मध्ये व्हाइट रिव्हर यूटांना युटामध्ये हाकलण्यात आलं. गावाला नाव मीकरचं लागलं. आज कॅम्पग्राउंडच्या फळ्यावर माशांचे नियम वाचणाऱ्याला हा भाग सहसा वाचायला मिळत नाही.

१९०५ मध्ये गिफर्ड पिंचो यांच्या हाताखाली वनसेवा स्थापन झाली. तिचे सुरुवातीचे लोक लाकूड आणि चराई यांचा हिशेब जाणणारे. मग फोर्डच्या स्वस्त मोटारी आल्या आणि शनिवार-रविवारी शहरं डोंगरात उतरू लागली. १९१५ च्या एका तरतुदीने वनसेवेला जंगलातले प्लॉट तीस वर्षांपर्यंतच्या परवान्यावर उन्हाळी घरांसाठी द्यायची मुभा मिळाली. तळ्याचा काठ म्हणजे अशा घरांसाठी पहिली पसंती.

१९१९ मध्ये वनसेवेच्या डेन्व्हर कचेरीने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला नोकरीवर घेतलं. आयोवाचा, सव्वीस वर्षांचा, लँडस्केप आर्किटेक्चर शिकलेला. वनसेवेने या विद्येचा माणूस पूर्णवेळ घेण्याची ही पहिलीच वेळ. लाकूडतोडीत मुरलेले सहकारी त्याला चेष्टेने ‘ब्यूटी इंजिनिअर’ म्हणत. त्या उन्हाळ्यात त्याला ट्रॅपर्स लेकला पाठवलं. काम स्पष्ट होतं: तळ्याभोवती रस्ता आखायचा आणि काही शे घरांचे प्लॉट पाडायचे.

कारहार्टने मोजणी केली, नकाशा काढला. मुक्कामात त्याची गाठ पॉल रेनी आणि विल्यम मॅकफॅडन या दोन धनाढ्य शिकाऱ्यांशी पडली. रेनी आफ्रिकेतल्या शिकारीच्या मूकपटामुळे त्या काळात प्रसिद्ध होता. दोघांनी शेकोटीपाशी या तरुणाशी हुज्जत घातली: प्रत्येक तळ्याला घरांची माळ घालायलाच हवी का? विचारणारे साधुसंत नव्हते. त्यांना आपली मासेमारीची जागा बिघडायला नको होती. पण प्रश्न कारहार्टच्या मनात घर करून बसला. डेन्व्हरला परतून त्याने वरिष्ठ कार्ल स्टाल यांना सांगितलं, की इथे काहीच बांधू नये. काठ सगळ्यांचा राहावा. नवलाची गोष्ट अशी, की स्टालनी ऐकलं. रस्ता आणि प्लॉट बारगळले.

डिसेंबर १९१९ मध्ये न्यू मेक्सिकोकडून आल्डो लिओपोल्ड नावाचे वनाधिकारी खास कारहार्टला भेटायला डेन्व्हरला आले. दोघांच्या डोक्यात एकच विचार वेगवेगळ्या वाटेने आला होता. पाच वर्षांनी लिओपोल्ड यांच्या प्रयत्नांतून न्यू मेक्सिकोतलं हीला हे पहिलं ‘वाइल्डरनेस’ क्षेत्र ठरलं. १९६४ मध्ये त्या कल्पनेचा कायदा झाला. आणि १९७५ मध्ये ट्रॅपर्स लेकच्या भोवतालचं सुमारे २ लाख ३५ हजार एकर पठार ‘फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस’ म्हणून कायमचं बिनरस्त्याचं ठरवण्यात आलं.

इतरत्र १९१५ ची तरतूद जोरात चालली. आजही राष्ट्रीय जंगलांत परवान्यावरची सुमारे चौदा हजार उन्हाळी घरं आहेत, त्यातली कितीतरी तळ्यांच्या काठावर. जमीन सरकारची, घर खासगी. अशा काठाशी गेलेला परका माणूस कुणाच्या अंगणात शिरल्यासारखा अवघडतो. त्याला कायद्याने कुणी अडवत नसतं, तरी.

लोकांचं करायचं काय?

बंगले नकोत म्हणणं सोपं होतं, पण लोक यायचे थांबणार नव्हते. कारहार्टला हेही दिसत होतं. डेन्व्हरच्या दक्षिणेला सॅन इझाबेल जंगलातल्या स्क्विरल क्रीक खोऱ्यात त्याने त्याच सुमारास कॅम्पग्राउंड आखलं. वनसेवेकडे त्यासाठी दमडी नव्हती. जवळच्या प्वेब्लो शहरातल्या नागरिकांनी संस्था काढून पैसा उभा केला. राष्ट्रीय जंगलातलं आखीव कॅम्पग्राउंड म्हणतात ते इथपासून सुरू झालं.

तरी बहुतेक ठिकाणी नुसता धुडगूस होता. जिथे सावली तिथे गाडी, जिथे गाडी तिथे चूल. कॅलिफोर्नियात ई. पी. माइनेके हे वनस्पतिरोगांचे अभ्यासक रेडवूडची झाडं का खंगतात ते शोधत होते. त्यांना कीड सापडली नाही, माणूस सापडला. पावलांनी आणि चाकांनी माती इतकी दाबली जात होती की मुळांना हवा-पाणी मिळेना. खरा गुन्हेगार मोटार. पायी माणूस मिळेल त्या वाटेने जातो, पण झाडांच्या मधून वाट काढणारी मोटार प्रत्येक वळणावर मुळं चिरडते.

१९३२ मध्ये माइनेके यांनी कॅम्पग्राउंडचा आराखडा मांडला आणि तो आजतागायत चालू आहे. एकेरी वळसा घालणारा रस्ता. त्याला तिरक्या फुटलेल्या छोट्या पट्ट्या, प्रत्येकीत एक गाडी. टेबल आणि शेकोटी पक्की, कुणी हलवू नये अशी. कडेला मोठे धोंडे, म्हणजे गाडी आत घुसणार नाही. दोन जागांमध्ये झुडपं राखलेली, म्हणजे शेजारी दिसत नाही. कॅम्पग्राउंडवर जो ‘निसर्गाचा एकांत’ वाटतो, त्यातला बराचसा या धोंड्या-झुडपांच्या मांडणीचा आहे.

आराखडा प्रत्यक्षात आला तो मंदीमुळे. १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ काढली. १९४२ पर्यंत तिच्यात सुमारे तीस लाख पोरं कामाला लागली. महिना तीस डॉलर पगार. त्यातले पंचवीस सहसा परस्पर घरी. त्यांनी झाडं लावली, वणवे विझवले, आणि देशभर कॅम्पग्राउंड बांधली. जुन्या जंगलांतली दगडी शेकोटी किंवा ओंडक्यांची पडवी पाहिली की ती बहुधा या पोरांच्या हातची असते.

एका संडासाची गोष्ट

कॅम्पिंगच्या गप्पांत जो विषय सर्वांत आधी निघतो आणि लेखांत सर्वांत शेवटी येतो, तो म्हणजे संडास. रानात पाण्याची लाइन नाही, मैलावाहिनी नाही. म्हणून खाली बंद टाकी आणि वर खोली. टाकी भरली की ट्रक येऊन उपसून नेतो. अनेक दशकं या खोल्यांच्या वासाने लोक झाडीत पळत, आणि झाडीत गेलेले लोक म्हणजे तळ्याच्या पाण्याला धोका.

१९९० च्या सुमारास वनसेवेतले इंजिनिअर ब्रायर कुक यांनी यावर उपाय काढला. कागदोपत्री त्याचं नावच ‘स्वीट स्मेलिंग टॉयलेट’. रसायन नाही, पंखा नाही. टाकीतून छपराच्या वर जाणारा रुंद काळा पाइप, तोही इमारतीच्या उन्हाच्या बाजूला. ऊन लागलं की पाइपातली हवा तापून वर चढते, वाराही ती वरून ओढून घेतो. मग खोलीतली ताजी हवा बैठकीच्या भोकातून खाली टाकीत आणि टाकीतली पाइपाने बाहेर, अशी ओढ तयार होते. वास खोलीत येतच नाही. अट एवढीच, की टाकीला दुसरी फट नको आणि पाइप झाडांच्या सावलीत नको. खोली कुठल्या दिशेला तोंड करून बांधायची, हे त्यामुळे नकाशावर ऊन-वारा पाहून ठरतं.

फोडणी आणि अस्वल

ट्रॅपर्स लेकला जुलैतही रात्री पारा शून्याजवळ उतरतो. बर्फ वितळल्यावरचे पहिले आठवडे डासांचे. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही मॉन्सून येतो, दक्षिणेकडून. सकाळ लख्ख आणि दुपारी दोनला गडगडाट. म्हणून तळ्यावरचे लोक पहाटे होडी काढतात आणि दुपारच्या आत कड्यांवरून खाली येतात. उघड्या पठारावर वीज माणसालाच उंच समजते.

रात्रीचा खरा पाहुणा म्हणजे काळं अस्वल. कोलोरॅडोत ग्रिझली उरलेलं नाही, पण काळ्या अस्वलाचं नाक पुरेसं आहे. अन्न, भांडी, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं, सगळं गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करावं लागतं. तंबूत बिस्किटाचा पुडाही चालत नाही. परदेशी मराठी मंडळींच्या कॅम्पिंगमध्ये पोहे, खिचडी, कोळशावरचं वांगं हे आलंच, आणि हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास सँडविचपेक्षा लांब जातो. त्यामुळे सराईत घरं चुलीची आणि तंबूची जागा दूर ठेवतात, फोडणी दिवसाउजेडी उरकतात आणि स्वयंपाकाचे कपडे अंगावर घेऊन झोपत नाहीत. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल वारंवार येतं, आणि शेवटी बहुधा मारलं जातं. पेटी न लावल्याचा दंड माणसाला होतो, शिक्षा अस्वलाला.

वारा, भुंगेरे, आग

तळ्याभोवती अजूनही हजारो राखाडी, सालपट गेलेले बुंधे उभे दिसतात. त्यांची कहाणी १९३९ पासूनची. त्या वर्षी वादळाने पठारावरचे स्प्रूस आडवे केले. पडलेल्या ओंडक्यांत स्प्रूसचे भुंगेरे फोफावले आणि १९४० च्या दशकात त्यांनी उभं जंगल वाळवलं. २००२ हे कोलोरॅडोतलं भीषण दुष्काळाचं वर्ष. जुलैत वीज पडून ‘बिग फिश’ आग लागली. वाइल्डरनेसमध्ये नैसर्गिक आग जळू द्यायची, लक्ष ठेवायचं, असं धोरण होतं, त्याप्रमाणे सुरुवातीला ती जळू दिली. ऑगस्टमध्ये वाऱ्याने ती उसळली, सुमारे १७ हजार एकर खाऊन गेली, आणि तळ्याजवळचं जुनं ट्रॅपर्स लेक लॉज त्यात भस्म झालं. जळू देण्याच्या निर्णयावर तेव्हा गावकऱ्यांत बराच संताप होता.

कॅम्पग्राउंडवरची शेकोटी म्हणून या मुलखात गृहीत धरता येत नाही. कोरड्या उन्हाळ्यात निर्बंध टप्प्याटप्प्याने येतात: आधी फक्त लोखंडी कड्यातली आग चालते, मग तीही नाही. सरपण घरून आणण्यावरही नजर असते. ॲश झाडांचा एक हिरवा भुंगेरा आशियातून येऊन २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, आणि पुढे बऱ्याच अंशी लोकांच्या गाडीतल्या सरपणातून शेकडो मैल पसरला. २०१३ मध्ये तो कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात पोहोचला. म्हणून फळ्यावर लिहिलेलं असतं: लाकूड जिथे जाळायचं तिथेच घ्या.

खर्च कोण करतो?

पाकिटातले पैसे फार पुरत नाहीत. २००४ च्या कायद्याने भाड्याचा मोठा हिस्सा त्याच जागेवर खर्च करता येतो, पण टाक्या उपसणं, पंप, खडी, आणि पडायला आलेली वाळकी झाडं कापणं यांचा मेळ त्यातून बसत नाही. म्हणून कितीतरी कॅम्पग्राउंड खासगी ठेकेदारांना चालवायला दिली आहेत, आणि उरलेली हंगामी नोकर व स्वयंसेवक यांच्या जिवावर चालतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने नोकरकपात केली तेव्हा वनसेवेतल्या सुमारे दोन हजार परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना काढलं गेलं. त्यातल्या अनेकांना पुढे आदेशाने परत घ्यावं लागलं. पण त्यांत पायवाटा मोकळ्या करणारी आणि संडास धुणारी माणसंही होती, आणि हंगाम तोंडावर आला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात एक तरतूद घुसवली: कोलोरॅडोसह पश्चिमेतल्या अकरा राज्यांत राष्ट्रीय जंगलं आणि इतर सरकारी जमिनींपैकी वीस ते तीस लाख एकर घरबांधणीसाठी विकायची. वाइल्डरनेस आणि पार्कं त्यातून वगळलेली होती. साधी जंगलजमीन नव्हती. पर्यावरणवाले विरोधात गेले यात नवल नव्हतं. पण शिकारी, मासेमारी करणारे आणि मोन्टाना-आयडाहोचे रिपब्लिकन सिनेटरही उलटले. ज्यांच्या मतांवर लींचा पक्ष पश्चिमेत निवडून येतो, त्यांच्याच गळाची आणि बंदुकीची जागा या जमिनीवर होती. २८ जूनला लींनी तरतूद मागे घेतली. विक्रीचा विचार सोडलेला नाही, हेही सांगून टाकलं.